टक्का ऑटिझमचा कळला, मदतीचे काय?

मा. संपादक,
स. न.

ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलाच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्रावर शेवटी एक आकडा येतो. ५० टक्के, ६० टक्के, ७० टक्के. शाळेत, परीक्षेच्या सवलतीसाठी, आयकराच्या वजावटीसाठी, सगळीकडे तोच विचारतात. हळूहळू वर्गशिक्षकांपासून मामा-मावशांपर्यंत सगळ्यांचा समज होऊन बसतो की ५० टक्केवाल्याला मदत कमी लागते आणि ८० टक्केवाल्याला जास्त. हा समज खरा नाही. त्यापायी ज्या मुलाला हात धरायला माणूस हवा त्याला तो मिळत नाही, आणि ज्याला दोन मिनिटांची आगाऊ सूचना पुरली असती त्याच्या पालकांना दिवसभराची शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलाशेजारी बसणारी मदतनीस, स्वतःच्या खर्चाने आणायला सांगितले जाते. हा टक्का नेमके काय मोजतो आणि मदतीची गरज वेगळी कशी काढायची, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

आपल्याकडे हा टक्का ‘आयएसएए’ या भारतीय मोजपट्टीवरून काढतात. सिकंदराबादच्या राष्ट्रीय मानसिक अपंग संस्थेने ती तयार केली. तीत ४० मुद्दे आहेत आणि सहा गट: सामाजिक संबंधांचे ९, भावनिक प्रतिसादाचे ५, भाषा व संवादाचे ९, वर्तनाचे ७, संवेदनांचे ६ आणि आकलनाचे ४. प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ४० ते २००. ७०च्या खाली ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. मुलाला ऑटिझम आहे की नाही आणि त्याची लक्षणे किती ठळक आहेत, हे पाहायला ही पट्टी उपयोगी आहे. भारतीय घरांचा विचार करून ती बनवली आहे, आणि ती नसती तर अनेक मुलांना प्रमाणपत्रच मिळाले नसते. आमची तक्रार पट्टीबद्दल नाही. तिच्याकडून जे काम करून घेतले जाते त्याबद्दल आहे.

गुण कसे देतात ते पाहा. लक्षण २० टक्के वेळेपर्यंत दिसले तर १, २१ ते ४० टक्के वेळ दिसले तर २, असे करत ८१ टक्क्यांच्या पुढे ५. म्हणजे मोजतात ती वारंवारता. आता समजा, एक मूल महिन्यातून दोनदा हात सोडवून रस्त्यावर धावते. वारंवारतेने पाहिले तर हे ‘क्वचित’, गुण १. पण त्या दोन वेळांसाठी घरातल्या कोणाला तरी महिन्याचे तीसही दिवस, मूल जागे असेल तोवर, त्याच्यावर नजर ठेवावी लागते. दाराला वरची कडी, गॅलरीला जाळी, बाजारात मनगट धरून चालणे, पाहुणे आले तरी एकाने उठून दाराशी बसणे, हे सगळे त्या एका गुणामागे असते. उलट बाजूही आहे. नजरेला नजर न देणारे मूल जवळपास सतत तसेच असते, म्हणून तिथे ५. पण नजर न दिल्यामुळे कोणाला त्याच्याजवळ बसून राहावे लागत नाही. मदत मोजायची तर घटना मोजून भागत नाही, पहारा मोजावा लागतो.

शेवटच्या गटात असामान्य स्मरणशक्ती आणि एखादे विलक्षण कौशल्य असे दोन मुद्दे आहेत. मुलाला पाच वर्षांचे वाढदिवस वारासकट पाठ असतील आणि लोकलची स्थानके उलटसुलट म्हणता येत असतील, तर या दोन मुद्द्यांवर १ ऐवजी ४ गुण पडू शकतात, म्हणजे एकूण सहा गुण वाढतात. निदानासाठी हे योग्यच आहे. पण ६६ गुणांचे मूल ७२वर जाते, आणि टक्केवारीच्या सारणीत ७० गुणांना ४० टक्के तर ७१ ते ८८ गुणांना ५० टक्के आहेत. स्मरणशक्तीमुळे मूल ‘ऑटिझम नाही’ या रकान्यातून थेट ५० टक्क्यांवर पोचले. त्याला शाळेत लागणारी मदत मात्र सहा गुणांआधी होती तेवढीच आहे.

आणखी एक गोष्ट कागद हातात आल्यावर पालकांना गोंधळात टाकते. १०६ गुणांचे मूल पट्टीच्या भाषेत ‘सौम्य’ असते, पण १०६ ते १२३ गुणांना टक्केवारी ७०. एकाच अहवालात ‘सौम्य’ आणि ‘७० टक्के’ शेजारी-शेजारी येतात. शाळा त्यातला ‘सौम्य’ उचलते, घरचे ७० धरून बसतात, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असल्यासारखे भांडतात. ज्या प्रश्नावर भांडण चालले आहे, म्हणजे याला मदत किती लागेल, त्याचे उत्तर दोन्ही शब्दांत नाही.

खासगी अहवालांत हल्ली ‘लेव्हल १, २, ३’ असे लिहिलेले असते. हे अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या डीएसएम-५ या निदानाच्या ग्रंथातून आले. त्या पातळ्यांची नावेच ‘आधार लागतो’, ‘बराच आधार लागतो’, ‘फार मोठा आधार लागतो’ अशी आहेत, त्यामुळे वाटते की उत्तर सापडले. पण त्यात दोन अटी आहेत आणि अहवाल लिहिताना दोन्ही विसरल्या जातात. सामाजिक संवादाला एक पातळी आणि साचेबद्ध वागण्याला दुसरी पातळी, अशा दोन वेगळ्या द्यायच्या असतात. आपल्याकडे एकच ठोकून देतात. दुसरे म्हणजे, या पातळ्यांवरून कोणाला सेवा द्यायची ते ठरवू नये, असे त्याच ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे. सेवा माणसाच्या गरजा एकेक पाहून ठरवायच्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, आयसीडी-११ मध्ये, तर अशा पातळ्या नाहीतच; तिथे बौद्धिक विकास कसा आहे आणि भाषा कामापुरती येते का, हे सोबत नोंदवतात.

बुद्ध्यांकाबद्दल एवढेच की ११० बुद्ध्यांकाच्या मुलाला आंघोळीला रोज अर्धा तास माणूस लागू शकतो आणि ६० बुद्ध्यांकाचे मूल स्वतःचे स्वतः आवरून शाळेच्या बसमध्ये बसू शकते. बुद्ध्यांक पाहून मदतीचा अंदाज बांधू नये.

मग पाहायचे काय? अमेरिकेत बौद्धिक अक्षमतेच्या क्षेत्रात काम करणाऱ्या संघटनेने ५ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी मदतीची तीव्रता मोजणारी एक पट्टी केली आहे. तिचा गाभा फक्त तीन प्रश्नांचा आहे आणि ते प्रश्न कोणत्याही अंगणवाडीत, कोणत्याही बालवाडीत विचारता येतात. प्रत्येक कामाला विचारायचे: मदत कोणत्या प्रकारची, किती वेळा, आणि दिवसात किती वेळ? प्रकार असे: ० म्हणजे काही नाही, १ म्हणजे नुसते लक्ष ठेवणे, २ म्हणजे तोंडी सांगणे किंवा खूण करणे, ३ म्हणजे थोडा हात लावणे, ४ म्हणजे सगळे करून देणे. वेळेचेही तसेच: अजिबात नाही, अर्ध्या तासाच्या आत, अर्धा ते दोन तास, दोन ते चार तास, चार तास किंवा जास्त. आणि सगळ्यात महत्त्वाची अट, त्याच वयाच्या इतर मुलांना लागते त्यापेक्षा जास्तीची मदतच धरायची. तीन वर्षांच्या मुलाला आंघोळ घालावी लागते हे त्यात येत नाही, दहा वर्षांच्या मुलाला घालावी लागते हे येते. ही अट सुटली की लहान मुलांची गरज फुगते, आणि किशोरवयात, जेव्हा इतर मुले एकटी फिरू लागतात आणि खरी दरी पडते, तेव्हा कोणाचे लक्ष जात नाही.

नागपूरच्या डॉ. मालिन यांनी व्हाइनलँडच्या सामाजिक परिपक्वता मोजपट्टीचे जे भारतीय रूप केले, ते आपल्याकडे आजही सर्रास वापरतात. त्यात ८९ मुद्दे आहेत: स्वतः खाणे, कपडे घालणे, एकट्याने जवळपास जाणे वगैरे. मदतीच्या प्रश्नाच्या ते आयएसएएपेक्षा जवळ जाते. पण ते काम येते की नाही एवढेच सांगते. येण्यासाठी बाजूला कोणी उभे होते का, हे त्यातून निघणाऱ्या सामाजिक गुणांकात दिसत नाही.

म्हणून काम तोडून पाहावे लागते. दुसरीतल्या मुलाचा मधल्या सुट्टीतला डबा घ्या. ‘स्वतःच्या हाताने जेवतो का?’ असे विचारले की उत्तर ‘हो’ येते आणि रकाना भरला जातो. आता तेच तोडून लिहा. घंटा झाली म्हणजे जेवायची वेळ, हे कळणे. दप्तरातून डबा काढणे. ठरलेल्या जागी जाऊन बसणे. झाकण उघडणे. पोळीचा तुकडा मोडून भाजीशी खाणे. नको असलेले बाजूला ठेवणे किंवा ‘नको’ सांगणे. सुट्टी संपायच्या आत आटोपणे. डबा बंद करून परत ठेवणे. हात धुणे. प्रत्येकापुढे ० ते ४ मधला आकडा लिहा. अनेकदा दिसते असे की नऊपैकी सहा पायऱ्या मूल बिनबोभाट करते, आणि अडते ते पहिल्या पायरीवर. घंटेचा आवाज सहन होत नाही म्हणून ते कानावर हात ठेवून भिंतीशी उभे राहते, आणि शांत होईपर्यंत सुट्टी संपलेली असते. मूल उपाशी घरी येते, दुपारी आदळआपट करते, आणि नोंद होते ती ‘घरी हट्टीपणा करतो’ अशी. उपाय काय? घंटेच्या दोन मिनिटे आधी बाईंनी बाकावर डब्याचे चित्र ठेवायचे आणि मुलाला मैदानाच्या बाजूच्या दाराशी न्यायचे. प्रकार २, दिवसातून एकदा, पाच मिनिटे. कधी तर अडचण क्लिपच्या घट्ट झाकणाची असते. डबा बदलला की ४चा ० होतो. मदतीची गरज मुलाच्या अंगात भरलेली नसते. मूल आणि ती जागा यांच्यामध्ये ती असते, म्हणून जागा न पाहता ती मोजता येत नाही.

घरात याच्या उलट घडते. तिथे मदत इतकी मुरलेली असते की ती मदत आहे हे आईलाही जाणवत नाही. कुकर लावायच्या आधी मुलाला आतल्या खोलीत नेणे, शर्टाचे मागचे लेबल कापणे, वरण आणि भात एकमेकांना लागणार नाही असे वेगळ्या वाट्यांत वाढणे, नेहमीचा रस्ता बंद असेल तर आदल्या रात्रीच सांगून ठेवणे. ‘घरी काही त्रास नाही’ असे उत्तर मिळाले की तपासणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारायलाच हवा: ‘हे सगळे एक दिवस केले नाही, तर काय होईल?’ त्या उत्तरात खरी गरज असते. मुलींच्या बाबतीत हे जास्त सांभाळावे लागते. शाळेत शेजारणीचे पाहून हसणारी, रांगेत गप्प उभी राहणारी मुलगी ‘हिला काही नाही’ यादीत जाते, आणि दप्तर खाली ठेवताक्षणी घरी तासभर रडते. शाळेचा कागद आणि घरचा कागद जुळत नसतील तर आईला खोटे ठरवू नये. दोन्ही कागद खरे असतात, दिवसभर सांभाळून धरलेले संध्याकाळी सुटते.

बाहेरच्या वावरासाठी आम्ही एक साधी उतरंड वापरावी असे सुचवतो. गर्दीत मुलाचे मनगट धरावे लागते, की बोट पुरते, की जवळ चालणे पुरते, की हाक पुरते, की एकटे पाठवता येते? एसटी स्टँड, रविवारचा बाजार, लग्नाचा हॉल आणि रिकामा रस्ता, चार ठिकाणची चार उत्तरे वेगळी लिहायची. त्यांची सरासरी मात्र काढायची नाही. घरी ० आणि शाळेत ४ असलेल्या मुलाची सरासरी २ निघते, आणि त्या २चा घरातही उपयोग नाही, शाळेतही नाही.

रात्र विसरली जाते. मोठ्या माणसाला रात्री किती वेळा उठावे लागते, मूल पुन्हा झोपेपर्यंत किती वेळ जातो, हे लिहिल्याशिवाय कुठलीही नोंद पुरी होत नाही. रोज तीन तास जागणाऱ्या घराला दिवसाची मदत जास्त लागते, मुलाच्या लक्षणांत काही फरक नसला तरी.

संवादाबद्दल सगळ्यात जास्त चुका होतात. ‘बोलतो का?’ हा प्रश्न अपुरा आहे. पाणी हवे असेल तर काय करतो, असे विचारा. मोठ्या माणसाचा हात धरून माठापाशी नेतो, चित्र दाखवतो, विचारल्यावर शब्द म्हणतो, आपणहून मागतो, की अनोळखी माणसाकडेही मागू शकतो? आणि ‘तुला पाणी हवंय का?’ असे म्हणून पाणी मागणारे मूल ओळखता आले पाहिजे. आयएसएएमध्ये ही दोन लक्षणे आहेत, ऐकलेले तसेच उच्चारणे आणि ‘मी’च्या जागी ‘तू’ म्हणणे. पण मदतीच्या हिशेबात त्याने स्वच्छ मागणी केलेली आहे, फक्त ती ओळखणारे कान हवेत. ती भाषा जाणणारे कोणी शाळेत असेल तर मदत जवळपास शून्य, नसेल तर तहानलेले मूल पाच तास बसून राहते. न बोलणाऱ्या मुलाला समजत नाही असे गृहीत धरू नये. चित्रांचे कार्ड, टॅबलेट, खुणा, जे काही ते वापरते ते तपासणीच्या खोलीत सोबत आणू द्यावे. मराठी घरातली पुष्कळ मुले रंग, आकडे, प्राणी इंग्रजीतच म्हणतात, कारण ते शब्द त्यांना मोबाइलवरच्या बालगीतांतून मिळाले. कोणता शब्द कोणत्या भाषेत येतो हे आधी घरच्यांना विचारून घ्यावे, नाहीतर ‘लाल कुठला?’ला उत्तर न देणाऱ्या मुलाला रंग येत नाहीत असे लिहिले जाईल.

तपासणीआधी शरीर पाहावे. कान तपासलेले नसतील तर बेरा ही ऐकण्याची तपासणी करून घ्यावी, डोळे पाहावेत, झटके येतात का विचारावे. बद्धकोष्ठ, किडलेली दाढ, कानातला मळ, यांनी मदतीची गरज काही आठवडे दुप्पट होऊ शकते. कालपर्यंत न मारणारे मूल अचानक हनुवटीवर किंवा कानाखाली मारून घेऊ लागले, तर ते ‘वर्तन’ या रकान्यात टाकण्यापूर्वी दुखणे शोधावे. ज्याला दुखते कुठे हे सांगता येत नाही, ते अनेकदा दुखते त्या जागीच मारते.

आता प्रत्यक्ष तपासणीचा दिवस. पहाटेची एसटी, केसपेपरची रांग, अनोळखी वास, डोक्यावर ट्यूबलाइट, आणि दुपारी एकला नंबर. भुकेले, थकलेले मूल अशा वेळी एकतर आकांत करते किंवा थिजून गप्प बसते. आकांत केला तर गुण वाढतात, गप्प बसले तर घटतात, आणि दोन्ही वेळा मोजला जातो तो त्या व्हरांड्यातला दिवस. यावर फार खर्च न करता उपाय आहेत. ऑटिझमच्या मुलांना ठरावीक वार आणि वेळेचा नंबर द्यावा. खोलीत एका वेळी दोनच माणसे असावीत. पालकांनी तीन छोट्या व्हिडिओ क्लिप सोबत आणाव्यात, दोन-तीन मिनिटांच्या: जेवतानाची, खेळतानाची आणि एक काम सोडून दुसऱ्याकडे वळतानाची. मुलाची अब्रू सांभाळावी, म्हणजे न्हाणीघरातले किंवा रडण्या-ओरडण्याचे चित्रण करू नये. तीन साध्या क्लिप एका तमाशापेक्षा जास्त सांगतात.

क्लिपबरोबर सात दिवसांची नोंदवही हवी. पाच दिवस शाळेचे, दोन सुट्टीचे. सकाळी ६ ते रात्री १०, अर्ध्या तासाचे ३२ चौकोन, आणि प्रत्येकात ० ते ४ मधला एक आकडा. सवय झाली की रात्री दहा मिनिटांत भरून होते. खाडाखोड चालेल, पण दुसऱ्या दिवशी आठवून भरू नये. आठवणीत वाईट प्रसंगच राहतात. शाळेत चाळीस मुले सांभाळणाऱ्या बाईंकडून ३२ चौकोन मागणे अन्याय आहे. त्यांच्याकडून चारच जागांची नोंद घ्यावी: परिपाठ, मधली सुट्टी, तास बदलताना आणि लघवीला जाताना. मदत तिथेच लागते. पाढे म्हणताना सहसा लागत नाही.

ही नोंद मिनिटांत मांडली की बोलणे एकदम सोपे होते. समजा, तिसरीतल्या एका मुलाला परिपाठात २० मिनिटे, मधल्या सुट्टीत ३० मिनिटे, पाच वेळा तास बदलताना पाच-पाच मिनिटे आणि दोनदा लघवीला दहा-दहा मिनिटे माणूस लागतो. २० आणि ३० आणि २५ आणि २०, झाली ९५ मिनिटे. शाळा पाच तासांची, म्हणजे ३०० मिनिटांची. पालकांना सांगितले होते ‘पूर्ण वेळ शॅडो आणा, नाहीतर जमणार नाही’. शाळेच्या कागदावर होते ‘सौम्य, मदत नको’. खरे उत्तर ९५ मिनिटे, तेही ठरलेल्या वेळी. उरलेल्या वेळी शॅडो चिकटून बसली तर नुकसानच होते, कारण मग मूल बाईंकडे पाहायचे सोडून शॅडोकडेच पाहू लागते आणि शेजारची मुलेही त्याच्याशी थेट बोलत नाहीत.

इथेच मनुष्यबळाचा हिशेब चुकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग मुलांमागे १ आणि वरच्या वर्गांत १५ मुलांमागे १ विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. ते मिळायलाच हवे. पण हे डोक्यांचे प्रमाण आहे. पाच तास दहा मुलांत वाटले तर वाट्याला अर्धा तास येतो, आणि वर सांगितलेली ९५ मिनिटे प्रत्येक मुलाची साधारण एकाच वेळी येतात, कारण सगळ्यांची मधली सुट्टी एकच असते. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येणारा विशेष शिक्षक त्या अर्ध्या तासाला सगळीकडे असू शकत नाही. त्या वेळेपुरते शाळेतल्या मदतनीस ताईंना चार दिवस शिकवून उभे करणे जास्त उपयोगाचे. ही गोष्ट टक्केवारीच्या यादीतून कधीच दिसली नसती.

फेरतपासणीत एक सापळा आहे. चांगली मदत चालू असताना तपासले की आकडे कमी येतात. मग ‘आता सुधारला’ म्हणून मदत काढतात, आणि तीन महिन्यांत सगळे मूळपदावर. चष्मा लावून फळा दिसतो म्हणून कोणी चष्मा काढून घेत नाही. म्हणून प्रत्येक कामापुढे दोन रकाने ठेवावेत, मदत असताना आणि मदत नसताना. मदत कमी करायचीच असेल तर एकेक पायरी करावी, ४वरून ३, ३वरून २, आणि प्रत्येक पायरीवर दोन-तीन आठवडे थांबून पाहावे. पुन्हा कधी तपासायचे हे कॅलेंडरवर सोडू नये. अंगणवाडीतून पहिलीत जाताना, चौथीनंतर शाळा बदलताना, वयात येताना, दहावीनंतर, आणि घरात सांभाळणारे माणूस आजारी पडले किंवा गेले तर लगेच. वयात येताना विशेषतः: पाळीची स्वच्छता, दाढी, बंद दार म्हणजे काय, अनोळखी स्पर्श, या कामांत मदतीची गरज वाढते आणि मदत करणारे माणूस कोण असावे हेही बदलते.

पालकांच्या तोंडून खरी नोंद यावी असे वाटत असेल तर त्यांना कोणत्या कोंडीत उभे केले आहे ते पाहावे. आयकराच्या जुन्या पद्धतीत ४० टक्क्यांपासून ७५ हजारांची वजावट आहे आणि ८० टक्क्यांपासून सव्वा लाखाची. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, रंगही ८० टक्क्यांवर बदलतो. म्हणून रुग्णालयात आई मुलाचा सगळ्यात वाईट दिवस सांगते. त्याच आठवड्यात शाळेच्या प्रवेशाला तीच आई सगळ्यात चांगला दिवस सांगते, नाहीतर प्रवेश नाकारला जाईल. एकाच मुलाचे दोन मुलगे होतात आणि दोघांपैकी कोणालाच योग्य मदत मिळत नाही. यात आईचा दोष नाही. खरे सांगितल्याने नुकसान होणार नाही अशी खात्री ज्या दिवशी मिळेल, त्या दिवशी ती खरे सांगेल.

कायद्यात वाट आहे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ‘उच्च आधाराची गरज’ ही गोष्ट टक्क्यापासून वेगळी मांडली आहे. रोजची कामे, निर्णय घेणे, शिक्षण, कुटुंब, समाजात वावर आणि उपचार यांसाठी लागणारा शारीरिक, मानसिक आणि अन्य सघन आधार, अशी तिची व्याख्या आहे. कलम ३८ प्रमाणे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेली व्यक्ती, किंवा तिच्या वतीने दुसरी व्यक्ती वा संस्था, अशा आधारासाठी अर्ज करू शकते. अर्ज मूल्यांकन मंडळाकडे जातो, मंडळाने गरज आहे का आणि ती कोणत्या स्वरूपाची आहे याचा अहवाल द्यायचा, आणि प्राधिकरणाने योजनांच्या चौकटीत त्याप्रमाणे पावले उचलायची. ‘स्वरूपाची’ हा शब्द आम्हाला मोलाचा वाटतो. तो नुसता आकडा मागत नाही. तरीही बहुतेक पालकांना टक्क्याचा कागद माहीत असतो आणि कलम ३८ माहीत नसते.

म्हणून आरोग्य आणि शालेय शिक्षण या दोन्ही विभागांना आमची विनंती आहे. प्रमाणपत्रासोबत एक पानी ‘मदतपत्रक’ जोडावे. त्यावर टक्का नको. कोणत्या कामाला, कुठे, कोणत्या प्रकारची, किती मिनिटे मदत लागते, ती कोण देणार, आणि पुन्हा कधी पाहायचे, एवढेच हवे. ते भरताना घरची सात दिवसांची नोंद आणि शाळेची चार जागांची नोंद, दोन्ही समोर असल्याशिवाय सही होऊ नये. पत्रक मराठीत असावे आणि त्याची प्रत पालकांकडे राहावी, म्हणजे जूनमध्ये वर्गशिक्षक बदलले तरी नव्या बाईंना पहिल्याच दिवशी कळेल की घंटेच्या दोन मिनिटे आधी डब्याचे चित्र ठेवायचे आहे. आणि कलम ३८चा अर्ज कोणाकडे, कोणत्या नमुन्यात द्यायचा, हे प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या दिव्यांग कक्षाबाहेरच्या फलकावर ठळक मराठीत लिहिलेले असावे.

कळावे,

ऑटिस्टिक मुलांबरोबर काम करणारे काही विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट, पुणे